घोटा

अरे ऐका तर, मधे बोलू नका, मी मधेच थांबले तर परत सुरू करता येणार नाही मला. शिळफाट्यावर, भर बाजारात, दुपारी, मी कांद्याच्या हातगाडीशी उभी होते, आईनं सांगितलं होतं मोड आलेले आणू नकोस, म्हणून एकेक कांदा दाबून बघत होते, आणि मागं एका टेंपोवाल्यानं फाळका सोडला. एवढंच झालं. टेंपोचा मागचा पत्र्याचा फाळका, खिट्टी काढली की खाली आपटतो, धाड, दिवसभर चालूच असतं तिथं ते, कुणी मान वळवून बघत पण नाही. आणि मला पुढचं जे कळलं ते एकदम खालून कळलं. मी रस्त्यावर पालथी पडले होते, नाकाशी कांद्याची सालं, आणि माझ्या दोन्ही हातात एक पाय होता. माणसाचा. केसाळ, गरम, रबरी चप्पल घातलेला. आणि वरून त्या पायाचा मालक ओरडत होता, "अहो ताई, सोडा ना! मी काय केलं? मी पण कांदेच घेतोय!" तोपर्यंत माणसं जमली, एक बाई म्हणाली, "पोरीची छेड काढली काय रं?", दोघांनी त्याची कॉलर पण धरली, तो बिचारा एका पायावर, हातात पिशवी, "काका, आईशप्पथ, मी हिला ओळखत पण नाय!" मला सांगायचं होतं की नाही हो, ह्यानं काही नाही केलं, पण आवाज येईना, आणि बोटं उघडेनात. हात माझेच, बोटं माझीच, मी त्यांना सांगत होते सोडा, आणि ती मला ओळख दाखवत नव्हती. शेवटी गाडीवाल्यानं त्याच्या बाटलीतलं पाणी माझ्या हातावर ओतलं तेव्हा सुटली. त्या माणसाच्या घोट्यावर माझ्या बोटांचे पांढरे ठसे उमटले होते, आणि मी ते हळूहळू लाल होताना बघत बसले होते, वेड्यासारखी.

आता हे कुणीतरी मोबाईलवर काढणार नाही असं होईल का? मी कुंभिवलीला घरी पोचायच्या आधी व्हिडिओ पोचला होता. आमचे वाल्मिकदादा, म्हणजे आमच्या मुलींच्या कबड्डी संघाला शिकवतात ते, सकाळी मैदानावर असतात आणि दुपारनंतर कंपनीत, त्यांनी दुसऱ्या दिवशी सरावाला सगळ्यांसमोर व्हिडिओ लावला आणि म्हणाले, "पकड एक नंबर हाय. पण हा गडी कुठल्या संघाचा?" सगळ्या पोरी हसून लोळायला लागल्या, मी पण हसले, खरंच हसू आलं मला. मग पोरी पांगल्या तसे ते जवळ आले, मोबाईल कानाला लावून परत ऐकला आणि हळू म्हणाले, "फाळक्याचा आवाज हाय ना गं ह्यात?" मी मान हलवली. ते म्हणाले, "वरीस झालं की. मला वाटलं गेलं असंल."

मला पण वाटलं होतं गेलं असेल. म्हणजे तुम्हाला वर्गात तेवढंच माहीत आहे ना, की मागच्या वर्षी आमच्या टेंपोला काहीतरी झालं आणि ठमीचा पाय मोडला. तर ते असं. आम्ही एका गावच्या स्पर्धेतून परत येत होतो, हरून, पण खुशीत, कारण ठमीनं एका चढाईत तिघींना बाद केलं होतं. ठमी आमची चढाईवाली, डोंगरातल्या ठाकरवाडीतली, समोरच्या अंगणात शिरली की कुणाला सापडायची नाही. मी डावा कोपरा. माझं काम एकच, चढाईला आलेलीचा घोटा पकडायचा आणि काय वाट्टेल ते झालं तरी सोडायचा नाही. सरावात रोज मी ठमीचाच घोटा पकडायचे, त्यामुळं तो मला पाठ होता, त्यावरचा काळा दोरा, बाजूची करवंदीच्या काट्याची खूण, सगळं. तर ती टेंपोत फाळक्याला टेकून बसली होती, गाणी चालू होती, चढ लागला आणि खिट्टी निसटली. धाड. आणि ठमी माझ्यासमोरून गेली. मी विचार केलाच नाही, मी झेपावले आणि घोटा धरला. चालवणाऱ्याला काही कळलं नाही, त्याचा रेडिओ जोरात, टेंपो चढतच राहिला, ठमी उलटी लोंबकळत होती, हात रस्त्यावर घासत, आणि तिचा पाय टेंपोच्या तळाच्या फळीच्या कडेवर वाकत चालला होता, आणि मी सोडला नाही. मग आत काहीतरी मोडलं. ते मला ऐकू नाही आलं, बोटांना कळलं. आणि टेंपोचा वेग माहितीये किती होता? माणूस चालतो तेवढा. सोडली असती तर ती पडली असती, खरचटली असती, उठून मला शिवी हासडली असती, आणि आज चढाया करत असती. हे मला कुणी म्हणजे कुणीच म्हटलं नाही. डॉक्टरांनी नाही, दादांनी नाही. मीच म्हणायचे, दात घासताना, बसमध्ये, पेपर लिहिताना. तिच्या पायात सळी टाकली, ती हळूहळू चालायला लागली, असं मला बाकीच्या पोरी सांगायच्या. मी गेलेच नाही. तुम्हाला वाटायचं मी अभ्यासात असते, ते खोटं होतं. वाडीच्या खाली जिथं रिक्षा सोडते तिथपर्यंत मी कितीदा तरी गेले, वरची पायवाट बघितली आणि त्याच रिक्षानं परत आले. रिक्षावाला पण विचारायला लागला, ताई, तुम्ही इथं येता कशाला?

तर दादा म्हणाले, कर्जतला एक मॅडम आहेत. आणि मग इतके लाजले की काय सांगू. म्हणाले, "आमच्या कंपनीत वाफेची लाईन फुटली व्हती बघ, तवा मी तिथंच व्हतो. नंतर मला कुकरची शिट्टी वाजली तरी घाम फुटायचा. त्या मॅडमनं डोळ्यांपुढं बोटं हलवली, मी नुसतं बघायचं, नि मग झोप लागायला लागली. हसू नको." मी हसत नव्हते. मला एकदम उत्सुकता लागली, खरं सांगते, बरं व्हायची नाही, हे काय आहे त्याची. बोटं हलवल्यानं काय होणार? डोळ्यांचा आणि फाळक्याचा काय संबंध?

मॅडमची खोली एका दाताच्या दवाखान्यामागं आहे. बसायची जागा एकच, त्यामुळं गाल सुजलेली माणसं विचारतात, "कुठली दाढ?" मी पहिल्या दिवशी सांगितलं, अक्कलदाढ. रिया मॅडम शेलूला राहतात, त्या नवीन बिल्डिंगांमध्ये, वयानं आपल्यापेक्षा थोड्याच मोठ्या, आणि मला वाटलं होतं लगेच बोटं काढतील, तर तसं काहीच नाही. आधी नुसत्या गप्पा, झोप कशी आहे, भूक कशी आहे, घरी कोण असतं. मग म्हणाल्या, एक जागा शोध जिथं तुला बरं वाटतं, मधेच जड झालं तर तिथं परत यायचं. मी सांगितलं, मैदानावर पाणी मारल्यावर लगेचची वेळ, अजून कुणाचा पाय पडलेला नसतो तेव्हा. आणि हात वर केलास की मी थांबणार, म्हणाल्या, कुठल्याही क्षणी. मला आवडलं ते. पंचांसारखं. मग एका दिवशी त्यांनी विचारलं, त्या प्रसंगातलं सगळ्यात वाईट चित्र कुठलं? मी म्हटलं, फळीची कड. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, दहा म्हणजे सगळ्यात जास्त, तर आत्ता किती? मी म्हटलं, बारा. त्या चित्राकडं बघून स्वतःबद्दल कुठलं वाक्य येतं? मी म्हटलं, मी मोडलं. कुठं जाणवतं अंगात? मी हात पुढं केले. पलीकडं दाढ कोरायचं मशीन चालू होतं, घूंऽऽ, आणि त्यांनी दोन बोटं माझ्यापुढं धरली आणि इकडून तिकडं न्यायला लागल्या, आणि म्हणाल्या, डोकं न हलवता नुसती नजर बोटांबरोबर जाऊ दे.

आणि माझी नजर जाईना. जायची, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, आणि खाली घसरायची. परत वर आणायची, परत खाली. त्या म्हणाल्या, असू दे, घाई नाही. पुढच्या वेळी परत तेच. त्यांना वाटत असणार मी आठवणीपासून पळतेय, तसं होतं म्हणे काहींचं, त्यांनी खुर्ची लांब नेली, जवळ आणली, खिडकीला पडदा लावला, काही होईना. शेवटी त्यांनी विचारलं, "आरोही, तू दरवेळी खाली काय बघतेस?" मी म्हटलं, "तुमचे पाय." "का?" आणि मी विचार न करता बोलून गेले, "मॅडम, हात फसवतो." मग मी सांगितलं, की आम्हाला लहानपणापासून दादांनी हेच घोकवलंय, समोरची हात नाचवणार, तो बघायचा नाही, हात बघितलास की मेलीस, पाय बघ, पाय खोटं बोलत नाही. मी कोपऱ्यात उभी राहते ना, मला हात दिसतच नाही, आता कुणी टाटा केला तरी मी आधी चपला बघते. आणि मॅडम, तुम्ही बोटं उजवीकडं न्यायच्या आधी तुमची डावी टाच उचलली जाते. मॅडम इतक्या हसल्या की पलीकडचं मशीन थांबलं. मग त्यांनी चप्पल काढली, सलवार जरा वर घेतली, आणि पाय फरशीवर सरकवायला लागल्या, इकडून तिकडं, इकडून तिकडं, म्हणाल्या, "असं मला कुणी शिकवलेलं नाही, पण डोळे फिरले म्हणजे झालं. चालेल?" आणि माझे डोळे लागले की त्यांच्या पायामागं, असे लागले की काय सांगू, कोपऱ्यात वाकून उभी असते तसेच. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "एवढ्या लांब जाऊन बाईचा पाय बघून आलीस?"

आता आत काय होतं ते कसं सांगू. झोप नाही, गुंगी नाही, मला मशीन ऐकू येत होतं, फरशीवरचा डाग दिसत होता, आणि त्याच वेळी फळीची कड पण होती. आतापर्यंत काय व्हायचं माहितीये, ते सगळं झालेलं नसायचंच, ते होतच असायचं, टेंपो अजून चढतोय, वर्षभर चढतोय, आणि मी कांदे घेतेय, पेपर लिहितेय, पण टेंपो चढतोय. तर पाय इकडून तिकडं, इकडून तिकडं, मग थांबायचं, श्वास घ्यायचा, त्या विचारायच्या, आता काय येतंय? मी सांगायचे, दोरा. ठमीच्या घोट्यावरचा दोरा बोटात रुतलाय. त्या म्हणायच्या, तेच घेऊन पुढं. अर्थ नाही सांगायच्या, बरोबर चूक नाही, नुसतं पुढं. इकडून तिकडं. आणि दोऱ्यावरून एकदम आजोळची कोंबडी आली, मी लहान असताना तिचा पाय धरला होता आणि ती पंख आपटत होती आणि मी घाबरून सोडतच नव्हते, मामा ओरडत होता सोड गं, मरंल ती. हे मला कधी आठवलंच नव्हतं. मी म्हटलं, मॅडम, कोंबडी आली. त्या म्हणाल्या, बरं, कोंबडी घेऊन पुढं. मग रडू आलं, कशाचं ते कळेना, कोंबडीचं की ठमीचं, हात गार पडले, मग गरम झाले, मुंग्या आल्या, मी हात वर केला, त्या लगेच थांबल्या, मैदानावर पाणी मारून आले मी, आणि परत म्हटलं, चला. आणि मग मागं एक हॉर्न ऐकू आला. टेंपोच्या मागं, लांबून, मोठ्या गाडीचा, डंपरचा असतो तसला. मी म्हटलं, मॅडम, मागं डंपर होता! म्हणजे मी सोडलं असतं तर! आणि त्या काय म्हणाल्या असतील? म्हणाल्या, "असेल. नसेल पण. आपण इथं पुरावा गोळा करत नाही आहोत. आलंय ना, बघ आणि जाऊ दे." मला राग आला. हा काय न्याय झाला? पण मग घरी जाताना वाटलं, खरंच, मला डंपर हवाच होता की. हवी असलेली गोष्ट इतकी वेळेवर आली तर तिला आधी उभं करून नीट बघायला पाहिजे, हो ना?

पण त्याच्यानंतर आलं ते मला नको पण नव्हतं आणि हवं पण नव्हतं, ते नुसतंच आलं. वजन. माझ्या पाठीवर वजन होतं. इतके दिवस त्या चित्रात फक्त माझे हात आणि तो पाय, बाकी जग पुसलेलं, आणि आता पाय इकडून तिकडं सरकतोय आणि मला कळतंय की मी पण घसरत होते, माझी छाती फळीवर घासत पुढं चालली होती, आणि कमरेवर कुणीतरी बसलं होतं, जड, घट्ट, आणि माझ्या कानात ओरडत होतं. मॅडमना मी एवढंच म्हणाले, "मी एकटी नव्हते." त्या म्हणाल्या, पुढं. मी घरी आले आणि किरणला फोन लावला, किरण आमची उजवा कोपरा. मी म्हटलं, "किरण, त्या दिवशी तू कुठं होतीस गं?" ती म्हणाली, "कुठं म्हंजी? तुझ्यावर! तुझी कंबर धरून बसले होते ना मी, माझं पोट किती दिवस दुखत होतं, तू एकदा तरी विचारलंस का?" म्हणजे हे होतं. डंपरचं माहीत नाही, पण हे होतं, आणि मी ते वर्षभर बघितलं नव्हतं. मग बाकी काय काय असेल आत, सांगा ना? किती खोल्या बंद असतील? मी उत्साहात घरीच करून बघितलं, अंगणात कोंबडी इकडून तिकडं फिरत होती, तिच्याकडं बघत बसले आणि फळीची कड आठवली, तर नुसती मळमळ आली आणि रात्र खराब गेली. मॅडम रागावल्या, एकटीनं उघडायचं नाही हे. मी विचारलं, पण मुळात होतं कसं हे? डोळे फिरवून आठवण कशी बदलते? त्या म्हणाल्या, आठवण बदलत नाही, तिचा जोर उतरतो, आणि का उतरतो यावर जाणकारांची अजून भांडणं चालू आहेत. एकांचं म्हणणं, मनात एका वेळी दोन कामं ठेवली, आठवण धरायची आणि डोळे फिरवायचे, तर आठवणीला पूर्ण ताकदीनं उभं राहायला जागा मिळत नाही, आणि परत ठेवताना ती जरा फिकी होऊन ठेवली जाते. बाकीचे म्हणतात झोपेत डोळे हलतात तसलं काहीतरी. मला आवडलं की त्यांना माहीत नाही आणि त्या सांगतात की माहीत नाही. शेवटी शेवटी त्या विचारायच्या, आता किती, आणि मी शोधायचे आत, दहा कुठं गेला, आठ कुठं गेला, आणि म्हणायचे, दोन. फळीची कड दिसत होती, पण लांबून, जुन्या फोटोत दिसते तशी. टेंपो थांबला होता.

आणि तरी मॅडमना मी सांगितलं, ते दोन जात नाहीत. त्या म्हणाल्या, काही दोन खरे असतात. ते माझ्या खोलीत जाणार नाहीत.

म्हणून मागच्या रविवारी मी गेले. रिक्षावाला म्हणाला, "थांबू ना? परत जाणार ना लगेच?" मी म्हटलं, जा तुम्ही. पायवाट चढताना मी माझेच पाय बघत होते, तुम्ही हसाल, पण खरंच बघत होते, पाय खोटं बोलत नाही म्हणून, आणि ते वरच चालले होते. ठमी अंगणात बसली होती, एक पाय लांब सोडून, पुढं वालाच्या वाळलेल्या शेंगांचा ढीग, सोलत होती. मला बघितलं आणि शेंग सोलायची थांबली पण नाही. म्हणाली, "कोण तू?" मी म्हटलं, "ठमे." ती म्हणाली, "बस. सोल." मी बसले, सोलायला लागले. मग मी सगळं एका दमात सांगितलं, जसं आत्ता तुम्हाला सांगतेय तसंच, की मी सोडायला पाहिजे होतं, मी धरून ठेवलं म्हणून पाय फळीवर मोडला, म्हणून मी आले नाही, म्हणून मला तोंड दाखवता येईना. ठमीनं हातातली शेंग खाली ठेवली. म्हणाली, "तू धरला व्हता?"

मला कळेचना. ती म्हणाली, "मला वाटलं फाळक्यात आडाकला पाय. दवाखान्यात पण मी तेच सांगितलं. सगळ्यास्नी तेच सांगते मी, फाळक्यात आडाकला, पोरींनी पण कदी काय सांगितलं नाय." म्हणजे तिला माहीतच नव्हतं. मी वर्षभर जिच्यासमोर आरोपी म्हणून उभी होते तिच्याकडं केसच नव्हती. आणि आता मी स्वतः येऊन, अंगणात बसून, तिच्या हातात ती दिली होती. मी विचारलं, मला विचारायचं नव्हतं पण विचारलं, "ठमे, तू उलटी होतीस, तुला मागचं दिसत असेल. मागनं डंपर येत होता का गं?" ती आठवायला लागली, डोळे बारीक करून. "डंपर नाय माहीत. कुत्रं व्हतं. एक कुत्रं भुकत मागं लागलं व्हतं, माझ्या तोंडाशी. मला पायाचं काय पण नाय, मी म्हटलं हा आता नाक तोडतो. सपनात अजून ते कुत्रंच येतं." आणि मी हसले, थांबवता येईना, आणि ती चिडली, मूठभर शेंगा तिनं माझ्या अंगावर फेकल्या. "हसतीस काय! पाय जुळला गं. पाय काय, हाडाचा हाय, जुळतो. मी इथं बसून रोज तुला शिव्या देते, का आरोहीला आता लंगडी नको झाली, संघात नाय तर वळख पण नाय. एवढा घट धरलास म्हनतीस, नि मंग वरीसभर कुठं मेली व्हतीस?"

तिनं उत्तराची वाट पण बघितली नाही, खालच्या वाटेकडं मान केली. तिची आई, जिजामावशी, डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन वर येत होती, आणि तिनं मला लांबूनच ओळखलं होतं, कारण ती चालायची थांबली होती. ठमी म्हणाली, "आई तुझ्यावर माझ्यापेक्षा जास्त चिडली हाय. तिला पण तूच सांग हे सगळं. मी नाय मधे बोलणार." मी म्हटलं, "आत्ता?" ती म्हणाली, "मंग कवा?" जिजामावशी परत चालायला लागली. मी ओटीतल्या शेंगा झटकल्या आणि तिचा भारा उतरवायला पुढं गेले.